फासा झाकणारा पडदा

"सरळ उभा राहा रे बाबा. तू वाकलास तर पोरीचं सगळं दिसंल."

हा आवाज मी ऐकला तेव्हा मला नाव नव्हतं. घिवलीच्या खाडीकाठी एका होडीच्या केबिनला नवं प्लायवुड बसवलं होतं. त्यातून उरलेला तुकडा म्हणजे मी. होड्या दुरुस्त करणाऱ्या महादूने मला मांडीवर आडवं घेतलं, पेन्सिलने रेघा मारल्या आणि माझे तीन भाग केले. पॉलिश पेपरने माझ्या कडा घासल्या. खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही, म्हणून पितळी बिजागऱ्या लावल्या. बाहेरून होडीचाच निळा रंग दिला. मग मला जमिनीवर उभं करून तो माझ्याशी बोलला. त्याला लाकडाशी बोलायची सवय होती.

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. मी खिडकीवर लटकत नाही आणि नाटकात वरखाली होत नाही. वीतभराहून थोडा उंच, तीन फळ्यांचा, घडी घालता येणारा असा मी एक लाकडी आडोसा आहे. माझं काम एकच. टेबलाच्या एका बाजूला पडलेला फासा दुसऱ्या बाजूच्या माणसांना दिसू द्यायचा नाही. नऊ वर्षं मी हे काम केलं. झाकून झाकून आता मी फार थकलो आहे.

मला महादूच्या मुलीने, हंसाने, मागून घेतलं होतं. ती बोईसरला एका क्लासमध्ये गणित शिकवायची. पालघरच्या कॉलेजात असताना एका मैत्रिणीकडून ती गोष्टीचा एक खेळ शिकून आली होती. नियमांच्या जाड पुस्तकाच्या झेरॉक्स तिच्याकडे होत्या. त्या इंग्रजीत होत्या आणि खेळ मात्र आमच्या ओट्यावर आमच्याच बोलीत चालायचा.

खेळ सोपा होता. एकाने गोष्ट सांगायची, त्याला सगळे मास्तर म्हणत. बाकीच्यांनी एकेक वीर व्हायचं. कुणी भालाईत, कुणी वैदू, कुणी दर्यावर्दी. मास्तर सांगणार, "समोर गुहा हाय. आतून ओल्या केसांचा वास येतोय." वीर ठरवणार, आत जायचं की परत फिरायचं. मग वीस बाजूंचा फासा पडणार आणि काय घडलं ते ठरणार. प्रत्येक वीराला जीव मोजून दिलेला. घाव बसला की जीव कमी. जीव शून्यावर आला की शेवटची एक फेक. दहा किंवा वर पडले तर वीर वाचला. खाली पडले तर गेला.

ही शेवटची फेक मास्तर टाकायचा. माझ्या आड.

"लपवून टाकणार व्हय?" महादूने रंगाचा ब्रश पुसत विचारलं होतं.

"लपवूनच टाकतात, बाबा. लगेच कळलं तर जीव कसा टांगणीला लागंल?"

"लपवून फासे टाकणाऱ्याला आमच्यात दुसरं नाव हाय," महादू म्हणाला आणि दोघं हसत सुटली. मीही हसलो असेन. ओल्या रंगाने माझं अंग ताणलं होतं.

दर रविवारी दुपारी जेवणं आटोपली की मासळीच्या दोन क्रेटवर फळी टाकून टेबल व्हायचं. मला उलगडून उभं केलं जायचं. माझ्या मागे हंसा. पुढे तिघं: हंसाचा धाकटा भाऊ सुजीत, तेव्हा जेमतेम सोळाचा. शेजारची हेमाली, बोईसरच्या एका कारखान्यात औषधांच्या बाटल्यांना लेबलं लावणारी. आणि रूपेश. तो वाणगावच्या पलीकडच्या डोंगरातला. बोईसरला कारखान्यात शिफ्ट करायचा आणि रविवारी सायकल हाणत यायचा. उंबऱ्यात हंसाची आई उषा बसायची, सुपात सुकट निवडत. ती खेळत नसे. तिचे कान मात्र आमच्याकडे असत.

माझ्या आतल्या अंगावर हंसाने बरेच कागद चिकटवले होते. कुठल्या राक्षसाला किती जोर, विषाला किती वेळ, असं बारीक अक्षरात. एक कागद तिचा स्वतःचा होता. त्यावर लिहिलं होतं: "आधी सावध कर. मग विचार. मग पडेल तो आकडा मान."

त्या कागदाप्रमाणे ती वागायचीही. तिच्या गोष्टीत मरण कधी दार ढकलून आत आलं नाही. ते आधी खाकरायचं. वाटेवर तुटलेली चप्पल दिसायची. झाडांवर पाखरं नसायची. मागे फिरायची एक वाट ती नेहमी मोकळी ठेवायची. तरी कुणी पुढे निघालाच, तर विचारायची, "खात्री हाय?" पुन्हा विचारायची, "खात्री हाय?" तिसऱ्यांदा विचारत नसे. लांडगे जास्त झालेत असं वाटलं तर शनिवारी घरी बसून दोन-चार कमी करायची. रविवारी खेळ सुरू झाल्यावर मात्र एकही कमी करायची नाही.

पहिला वीर गेला तो रूपेशचा. त्याने आपल्या आज्याचं नाव दिलं होतं, झिपरू भालेवाला. दोन तोंडांच्या अस्वलासमोर तो एकटा उभा राहिला. हंसाने दोनदा विचारलं. दोनदा तो "हाय" म्हणाला. मग माझ्या आड सहा पडले.

हंसाने घाई केली नाही. झिपरूचा भाला कसा मोडला, मोडका भाला हातात धरून त्याने गुहेचं तोंड कसं अडवून ठेवलं, बाकीचे दोघं कसे सुटले, ते सगळं तिने हळूहळू सांगितलं. मग हेमाली आपणहून गायली. तिच्या आजीकडून तिला ओव्यांचा नाद लागला होता. जुन्या चालीवर ती नवे शब्द बसवायची.

*डोंगराच्या वाटेवर कुणी टेकवली काठी*
*उभं राहिलं शिवार तुझ्या परतीच्या साठी*

रूपेशने नाक ओढलं आणि म्हणाला, "ताई, लय भारी मेलो."

मित्रांनो, त्या दिवशी मला माझं मोल कळलं. माझ्या आड जे घडलं ते खरं होतं, म्हणून माझ्या पुढे रडू आलं. मी फळी असून मला अभिमान वाटला.

पण ते सुख फार टिकलं नाही.

या घरात एक नाव कुणी घेत नसे. प्रदीप. हंसा आणि सुजीतचा थोरला भाऊ. मी तयार होण्याच्या दोन वर्षं आधी तो होडीवर गेला होता. त्या होडीवरचे तिघे परत आले. तो आला नाही. देह मिळाला नाही, म्हणून घरात धड रडूनही झालं नव्हतं. उषा वाट बघते असं म्हणत नव्हती. तो गेला असंही म्हणत नव्हती. ती सुकट निवडायची.

वर्षभराने सुजीतने जुना वीर सोडून नवा मांडला, तेव्हा हंसाने सवयीने विचारलं, "नाव?"

सुजीत खाली बघून म्हणाला, "प्रदीप दर्यावाला."

उंबऱ्यातलं सूप थांबलं. मग पुन्हा हललं.

तिसऱ्याच रविवारी तो दर्यावाला खाडीच्या तोंडाशी पाणराक्षसाच्या तावडीत सापडला. ओहोटी लागली होती, पाणी काळं दिसत होतं, बगळे उडून गेले होते. हंसाने सगळं सांगितलं होतं. सुजीतच ऐकेना. जीव शून्यावर आला. हंसाने फासा टाकला. तो माझ्या मधल्या फळीला आपटला, फिरला आणि थांबला.

चार.

हंसा त्या चाराकडे बघत राहिली. तेवढ्यात उंबऱ्यातून आवाज आला. वर्षभरात त्या बाईने खेळाबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

"काय पडलं ग?"

हंसाने वर पाहिलं. आईच्या बोटांत सुकट तशीच होती.

"तेरा," हंसा म्हणाली. "वाचला."

"वाचला माझा पोर!" उषा म्हणाली. आणि ती हसली. नुसती हसली नाही, उठली. चहा टाकला, निखाऱ्यावर सुके बोंबील भाजले, रूपेशच्या हातावर दोन जास्तीचे ठेवले. त्या दुपारी ओट्यावर असं काही ऊन उतरलं की वाटावं, घरात लग्न आहे.

फक्त हंसा माझ्या आड बसून होती. तिने फासा उचलून मुठीत घट्ट धरला होता. मी तिच्यासमोर सरळ उभा होतो. महादूने सांगितलं होतं तसाच. मी वाकलो असतो तर सगळ्यांना दिसलं असतं. मी वाकलो नाही.

एकदा केलेली गोष्ट पुन्हा करणं सोपं असतं. लाकडी पुलावर त्याला नऊ पडले, हंसा "अकरा" म्हणाली. विषाच्या विहिरीत पाच पडले, ती "चौदा" म्हणाली. बर्फाच्या घाटात एकच पडला, तेव्हा ती थोडी थांबली आणि "दहा" म्हणाली, जेमतेम वाचला असं दाखवायला. प्रत्येक वेळी आधी तिची नजर उंबऱ्याकडे जायची. बाकीच्यांशी ती पूर्वीसारखीच चोख. हेमालीचे तीन वीर गेले, रूपेशचे पाच. प्रत्येकाची ओवी झाली. प्रदीप दर्यावाल्याला ओवी लागलीच नाही.

तिसऱ्या वर्षी महादू तापाने गेला. त्याचा रंधा, करवत कुणीतरी घेऊन गेलं. मी राहिलो. माझ्या आड काय चालतं ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

"माझ्या वीरांनी स्मशान भरलं," रूपेश चेष्टेने म्हणायचा, "आणि हा सुजीत हाय तिथंच हाय. काय रे, राक्षस तुझे सोयरे हायेत काय?"

"नशीब लागतं, रूपेश्या," सुजीत मिशीवर बोट फिरवून म्हणायचा. मिशी आता नीट फुटली होती.

"मिशी बघ, मिशी बघ," हेमाली म्हणायची. "दोन केसांवर एवढा माज."

एका रविवारी रूपेश पाण्याचा तांब्या घ्यायला उठला. त्याच क्षणी फासा पडला. वरून त्याला दिसलं. हंसा म्हणाली, "सोळा." रूपेशने तांब्या घेतला, पाणी प्यायला आणि जागेवर येऊन बसला. खेळ संपल्यावर सगळे पांगले तेव्हा तो माझी घडी घालायला मागे राहिला.

"ताई, मी बघितला."

"काय?"

"दोन होता."

हंसा कागद गोळा करत राहिली. "मंग बोलला का नाय?"

"आईंच्या तोंडाकडं बघितलं." रूपेशने माझी एक फळी मिटली. "राग नाय मला. माझे मेले ते खरे मेले, मला बरंच वाटतं. पण सुजीतला सांग कधीतरी. पयले राक्षस आला की तो मागं जायची वाट हुडकायचा. आता हुडकत पण नाय. बघितलंस ना? तू सांगत असतेस, पाखरं नाय, वास येतोय, आणि तो हसत असतो."

"खेळच हाय रे."

"आमच्या खात्यात एक भोंगा होता," रूपेश म्हणाला. "दर खेपेला वाजला की लोक काम टाकून पळतात म्हणून सुपरवायझरने तो बंद करून ठेवला. मंग एके दिवशी खरंच वास आला. कुणी उठंना. भोंगा नाय वाजला ना, म्हणजे काय नसंल. दोघं बेशुद्ध पडले तेव्हा उठलो."

रूपेशने माझी दुसरी फळी मिटली आणि मला भिंतीला टेकवून तो गेला.

मला वाटलं होतं, आता ती सांगेल. पुढच्या रविवारी नाही तर त्याच्या पुढच्या. रविवार येत राहिले. उषा उंबऱ्यात बसून विचारायची, "आज कुठवर गेला माझा दर्यावाला?" आणि हंसा "लांबवर गेला, आई" म्हणायची.

सुजीत एकोणिसाव्या वर्षी होडीवर जायला लागला. आधी उषाने त्याला कधी गुडघाभर पाण्यात जाऊ दिलं नव्हतं. आता ती म्हणाली, "जाऊ दे त्याला. नशिबाचा हाय तो. दर आयतवारी बघते मी." हे ऐकून हंसाच्या हातातला फासा खाली पडला. आठ पडले होते. ते कुणासाठीच नव्हते, तरी मी बघितले.

दोन वर्षांपूर्वी, पावसाळ्यातल्या मासेमारी बंदीच्या दिवसांत, होड्या काठावर ओढलेल्या आणि माणसं रिकामी, तेव्हा बन्सी तांडेल आमच्या ओट्यावर आला. तांडेल म्हणजे होडीचा कप्तान. हा गडगडाटी आवाजाचा, दिलदार, पण शकुनाला फार जपणारा. उलट्या टपावर बसून त्याने सगळा डाव बघितला. जळत्या किल्ल्यात दर्यावाला अडकला. चारी बाजूंनी आग, जीव शून्य. हंसाने फेकला. सात.

"बारा," ती म्हणाली.

बन्सी टपावरून उठलाच. "आईशप्पत! हा मरत कसा नाय?"

"सहा वर्षं होत आली, तांडेल," सुजीत म्हणाला. "एकदा पण नाय."

"एकदा पण नाय?" बन्सीने हेमालीला विचारलं.

"नाय," हेमाली म्हणाली. "आमी मरतो, तो बघत बसतो."

"मंग हा पोर माझ्या होडीवर पायजे," बन्सी म्हणाला.

झालं. बन्सीच्या होडीवर पहिलं पाऊल सुजीतचं पडू लागलं. जाळं पाण्यात सोडताना पहिला हात सुजीतचा. मासळीही बरी लागली. सगळ्या बंदरावर त्याला "न मरणारा" म्हणू लागले. आधी थट्टेने म्हणत. मग थट्टा कधी गेली ते कुणाला समजलं नाही. जो आकडा माझ्या आड जन्मला, तो माझ्या डोळ्यांदेखत ओट्यावरून उतरला, खाडीपर्यंत चालत गेला आणि होडीत जाऊन बसला.

माझे दिवस मात्र उतरले. सुजीत होडीवर, रूपेशची शिफ्ट बदललेली, हेमालीचं लग्न ठरत आलेलं. महिन्यातून एखादा डाव व्हायचा. एरवी मी फ्रिज आणि भिंतीच्या फटीत उभा असायचो. दमट हवेने माझा एक कोपरा फुगला. निळ्या रंगाचे पापुद्रे सुटले. डाव्या बिजागरीने कुरकुर सुरू केली. कुणी तेल घातलं नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं नाही. फटीत निदान काही झाकावं लागत नव्हतं.

आणि मग या श्रावणातला तो रविवार आला. नारळी पुनव होऊन आठ दिवस झाले होते. होड्या दर्यात उतरल्या होत्या आणि लगेच परतल्या होत्या, कारण बंदरावर तीन नंबरचा धोक्याचा बावटा लागला होता. दक्षिणेकडून वारा उठला होता. सगळ्यांनी होड्या खाडीत आत ओढून बांधल्या होत्या. बन्सीने बांधली नव्हती.

दुपारी तो सुजीतला घेऊन ओट्यावर आला. रूपेश आणि हेमाली आधीच आली होती, नुसतीच गप्पा मारायला.

"हंसा, मांड तुझा पडदा," बन्सी म्हणाला. "एक डाव टाक. तुझा दर्यावाला वाचला तर सांजच्या भरतीला आमी निघतो. मेला तर गप घरी बसतो. दर्याचा सवाल हाय, दर्यावाल्यालाच विचारू."

"तांडेल, बावटा लागलाय."

"बावटा सगळ्यांना लागतो. बाकीचे बसलेत म्हणजे दर्या आपल्यालाच मोकळा. आणि आपल्याकडं सुजीत हाय."

"मंग ती लाईफ जॅकेटं काढून टाका की होडीतून," हेमाली म्हणाली. "जागा तरी होईल."

"काढलीच हायेत," सुजीत हसून म्हणाला. "जाळ्याला जागा नको व्हय?"

हेमालीचं तोंड उघडं राहिलं. रूपेशने हंसाकडे बघितलं. उषा उंबऱ्यात सूप घेऊन बसली होती, तिच्या चेहऱ्यावर काळजीचा लवलेशही नव्हता.

हंसाने मला फटीतून काढलं. पदराने पुसलं. फळीवर उभं केलं. माझी बिजागरी कुरकुरली. तिने तिच्याकडचा सगळ्यात भयंकर राक्षस काढला, तळ नसलेल्या डोहातला. त्याने कधी कुणाला सोडलं नव्हतं. तिने सगळं सांगितलं: डोहावर एकही माशी नाही, काठावर सात जणांचे कपडे नीट घडी घालून ठेवलेले, मागे पायवाट स्वच्छ मोकळी.

"उतरतो," सुजीत म्हणाला. त्याने ऐकलंही नव्हतं. तो भरतीची वेळ मोबाईलवर बघत होता.

"खात्री हाय?"

"हाय."

"सुजीत, खात्री हाय?"

"ताई, टाक की ग!"

दोनच फेकींत जीव शून्यावर आला. हंसाने शेवटचा फासा हातात घेतला. फासा माझ्या मधल्या फळीला आपटला, फिरला, थांबला.

सतरा.

मित्रांनो, त्या क्षणी मला जे वाटलं ते मी लपवत नाही. आठ वर्षं ती मेलेल्याला वाचवत आली होती. आज फक्त उलटं करायचं होतं. "तीन" एवढाच शब्द. सुजीत हिरमुसला असता, बन्सी हळहळला असता, होडी बांधली गेली असती. मीही मनात म्हणालो, म्हण ग, म्हणून टाक, एवढ्या वेळा झाकलं, अजून एकदा झाकतो. तिचे ओठ हललेसुद्धा.

मग तिने दोन्ही हातांनी मला धरलं आणि मिटलं. खेळ चालू असताना मला आजवर कुणी मिटलं नव्हतं. तिने मला फळीवर आडवं ठेवलं. फासा सगळ्यांसमोर उघडा पडला.

"सतरा!" बन्सी ओरडला. "बघितलंत? उठ रे सुजीत!"

"बसा, तांडेल," हंसा म्हणाली. क्लासमध्ये पोरांना म्हणते तशी. बन्सी बसला.

"हे सतरा खरे हायेत. मला 'मेला' म्हणता आलं असतं. तुमी आज थांबला असता. पण पुढच्या बावट्याला मी कुठवर मेला म्हणू?" तिने सुजीतकडे बघितलं. "तू न मरणारा नाय. तू सहा येळा मेलास. मी आकडे बदलले."

"थट्टा नको करू."

"पुलावर नऊ होते. विहिरीत पाच. घाटात एक. किल्ल्यात सात, तांडेल, तुमी बसला होता तेव्हा. मी बारा म्हणाले."

सुजीत रूपेशकडे वळला. "खोटं बोलते ना ही?"

"एक मी पण बघितलाय, सुजीत," रूपेश म्हणाला. "दोन होता. ती सोळा म्हणाली. मी गप राहिलो. माझं पण चुकलं."

बन्सी उठला. ओट्याच्या कडेला जाऊन त्याने बंदराकडे बघितलं. त्या दिवशी पहिल्यांदाच बघितलं असावं. बावटा वाऱ्यावर फडफडत होता.

"तीनच लागलाय ना?" त्याने हेमालीला विचारलं, आवाज एकदम लहान करून.

"सकाळपासून," ती म्हणाली.

त्याने मोबाईल काढला. "होडी आत ओढा," तो कुणाला तरी म्हणाला. "नाय, नाय जायचं. आणि ती जॅकेटं हायेत ना, परत चढवा." मग तो कुणाकडे न बघता पायऱ्या उतरून गेला. जाताना हंसावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

"माझी लाज काढलीस," सुजीत म्हणाला. त्याचा चेहरा सोळा वर्षांच्या पोरासारखा झाला होता. "सगळ्यांपुढं. आता मला कोण होडीवर घेईल?"

"भिऊन जाणारा पायजे असंल तो घेईल," हंसा म्हणाली. "मला तू भिलेला पायजेस, सुजीत. भिलेला माणूस मागची वाट बघून ठेवतो."

सुजीत उठून जाईल असं मला वाटलं. तो गेला नाही. गुडघ्यांत डोकं घालून तिथेच बसला.

मित्रांनो, मी आता मिटलेला आहे. माझ्या तिन्ही फळ्या एकमेकींवर निवांत पडल्या आहेत आणि बऱ्याच वर्षांनी माझी पाठ दुखायची थांबली आहे. तुम्हीही कधी असा खेळ मांडाल. कुणाच्या तरी जिवाचा फासा तुमच्या हातात येईल, खेळातला किंवा घरातला. तेव्हा लांडगे कमी करायचे असतील तर आधीच करा. वाट मोकळी ठेवा, दोनदा विचारा. पण पडलेला आकडा ज्याचा आहे त्याला द्या. रडू आलं तर शेजारी बसा, ओवी म्हणा. मला झाकायला लावू नका. लाकूडही दमतं. आणि माझ्यासारखं काही तुमच्या घरात फटीत उभं असेल, तर त्याला अधूनमधून उजेडात काढून पुसत जा.

मी हे म्हणत होतो तेव्हा बावटा फडफडतच होता. उंबऱ्यातलं सूप कधीच थांबलं होतं. उषाने ते खाली ठेवलं, पदराला हात पुसले.

"सहा म्हणालीस," ती म्हणाली. "मोजलेस चार, आणि ह्या रूपेशने एक. पयला कुठला?"

हंसाने हेमालीकडे बघितलं, रूपेशकडे बघितलं. तिच्यापुढे आता मी उभा नव्हतो. ती उठली आणि उंबऱ्यात आईच्या समोर जाऊन बसली, गुडघ्याला गुडघा लावून.

"आई," ती म्हणाली, "खाडीच्या तोंडाशी चार पडले होते. आपला प्रदीप त्याच दिवशी गेला."